झिऱ्याचं पाणी, वेताचा मार

ज्यांच्या घरात कुणी चालताबोलता धाडकन पडतं, दात गच्च आवळतात, तोंडाला फेस येतो, डोळे पांढरे होतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, मी काही शांत बाई नाही. मला मारणाऱ्या सगळ्यांची नावं घेणार नाही, कारण त्यातले निम्मे नात्यातले आहेत. पण गोड करूनही सांगणार नाही. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई मला म्हणाली होती, "सोडून द्या ताई, देवाच्या मनात व्हतं." देवाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. माझ्या पाठीवर वेताचे वळ होते आणि ते सगळ्यांना दिसत होते.

पहिल्यांदा पडले तेव्हा

माझं माहेर उदगीरचं. वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, मोंढ्यात धान्याचा व्यापार. आम्ही लिंगायत. सासर जळकोटच्या बाजूचं एक खेडं. नवरा शिवराज शेतकीचा पदवीधर, जळकोटला त्याचं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. सासरे वारलेले. घरात सासू, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, आम्ही दोघं आणि गौरा. गौरा माझी लेक, तेव्हा चार वर्षांची.

त्या साली पाऊस नव्हता आणि त्याच्या आधीच्या सालीही नव्हता. गावातले बोअर फुसफुसायला लागले होते. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आंदोलनं चालली होती आणि शिवराज त्यात पुढं. "जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो, मोठा डॉक्टर येतो," असं तो चौकात माईकवरून सांगायचा. टाळ्या पडायच्या.

गावात टँकर यायचा. आत्याबाईंना तो चालत नव्हता. "कोणाकोणाचे हात लागल्यालं पानी हाय ते. अन् औषधाचा वास मारून राहिलाय. देवाला कसं दाखवू?" म्हणून आमच्या घरापुरतं पाणी ओढ्यातल्या झिऱ्याचं. कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला खड्डा, त्यात वाटीवाटीनं पाणी साचायचं. ते मी भरून आणायचे. त्याच ओढ्याच्या काठाला अर्धं गाव सकाळी डबा घेऊन बसायचं, आणि मोकाट डुकरं दिवसभर तिथंच लोळायची. मी एकदा बोलले. आत्याबाई म्हणाल्या, "वाळूतून गाळून येतंय ते. टँकरवाल्याच्या हातापेक्षा बरं."

त्याच पाण्यावर पूजा, त्याच पाण्यावर परसातला मेथीचा वाफा. दुष्काळात भाजी म्हणून तेवढीच. कच्ची मेथी चिरायची, कांदा, तिखट, तेल घालून घोळाणा करायचा. रोज दोन्ही वेळेला. मला लई आवडायचा, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी भाकरी थापत होते. बोटं आपोआप उडायला लागली. मी हसून त्यांच्याकडे बघितलं, एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला होता, कारण मी चुलीवरच कोसळले होते. जीभ चावून तोंडभर रक्त. साडी ओली. आजूबाजूला बाया, आणि आत्याबाई माझ्या नाकाला चप्पल लावून बसलेल्या. गौरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती रडत नव्हती. ते बघून मला हाताच्या आगीपेक्षा जास्त लागलं.

मग पुन्हा आलं. टँकरच्या रांगेजवळून झिऱ्याकडे जाताना भर रस्त्यात. बायांनी हंडे सोडून गराडा घातला. कुणीतरी म्हणालं, "बाहेरचं हाय हे." दुसरी म्हणाली, "म्हनून तर पाऊस न्हाई." बस्स. त्या दिवसापासून आभाळ कोरडं राहण्याचा दोष माझ्या अंगावर आला. पोरं मला बघून खडे मारायची आणि पळायची. एक खडा गौराच्या कपाळाला लागला, मी मारणाऱ्या पोराच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या. मग तर काय, भुताचीच ताकद म्हणाले.

ठाण्यावर

दोन तालुके ओलांडून माळावर एक ठाणं आहे. त्याचं नाव सांगणार नाही, सांगितलं तर आणखी चार घरं पत्ता शोधत जातील. अमावास्येला तिथं अंगातलं काढतात. शिवराज म्हणाला, "नुसतं दाखवून येऊ. आईच्या मनाचं समाधान." दुकानाची जीप काढली. मी गजरा माळून बसले होते, इतकी मी बावळट.

तिथं कडुलिंबाच्या झाडांना बाया साखळीनं बांधलेल्या. एक म्हातारी आपलं डोकं बुंध्यावर आपटत होती आणि तिचा मुलगा शेजारी बसून शेंगा खात होता. बाबा म्हणजे साधाच माणूस, माझ्या अप्पांच्या वयाचा, चष्मा लावलेला. हातात वेत. आधी मिरच्यांची धुरी दिली. निखाऱ्यावर लाल मिरच्या, माझं तोंड त्यावर धरलेलं, वरून घोंगडी. माणूस खोकून मरू शकतं हे मला तेव्हा कळलं.

मग प्रश्न. "कोन हायेस तू? नाव सांग."

मी म्हणाले, "महानंदा."

वेत बसला. "खोटं. नाव सांग."

"महानंदा. उदगीरची."

पुन्हा वेत. जितक्यांदा माझं नाव घेतलं तितक्यांदा मारलं. पाठीवर, मांड्यांवर, भाजलेल्या हातावर. मी हात आडवा घातला तर करंगळी मोडली, ती आजही वाकडी आहे. दोघी बायांनी माझे केस हाताला गुंडाळून मान मागे खेचली होती. पाय कुणी धरलेत ते मला दिसत नव्हतं, पण ती बोटं मी ओळखत होते. ती शिवराजची बोटं होती. तो म्हणत होता, "सांगून टाक ना, सांगून टाक ना, नंदे." रडत होता तो. रडत होता, पण सोडत नव्हता.

मध्येच मला झटका आला. त्या झटक्यात अंग आपोआप उडतं, ते काही आपल्या हातात नसतं. आत्याबाईंनी नंतर मला स्वतः सांगितलं की तेव्हा सगळ्यात जास्त मारलं, कारण ते खवळलंय असं बाबा म्हणाला. समोरचा अर्धा दात तिथंच कुठंतरी पडला.

शुद्ध आली, पुन्हा प्रश्न सुरू. तेव्हा मी शरण गेले. सासरची एक चुलती विहिरीत पडून मेली होती, तिचं नाव घेतलं. म्हटलं, मीच ती, मला साडीचोळी द्या, मी जाते. लोकांनी हरहर महादेव केला. बाबानं वेत खाली ठेवला आणि पाणी मागितलं. माझं स्वतःचं नाव टाकलं तेव्हा मार थांबला. हे कुणाला सांगितलं की लोक मान खाली घालतात. घाला.

अप्पा

पुढच्या आठवड्यात अप्पा नातीला भेटायला आले. मी चहा द्यायला वाकले, पदर सरकला, आणि त्यांना पाठ दिसली. अप्पांनी कप खाली ठेवला. उठले, जळकोटला गेले आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, जावयाची कॉलर धरून त्याला औषधांच्या खोक्यांवर ढकललं. ज्या माणसानं घरात कधी मोठा आवाज केला नाही, त्या माणसानं. शिवराजच्या ओठातून रक्त आलं. खोटं बोलत नाही, हे मला नंतर कळलं तेव्हा मी दोन घास जास्त जेवले.

अप्पा मला आणि गौराला घेऊन निघाले. आत्याबाईंनी दारातच गौराला कवटाळलं. "पोर आमची हाय. तुमची पोरगी न्या." पोरीचा एक हात माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. ती ओरडायला लागली तेव्हा मीच सोडला. तिचा हात उखडला असता हो. इलाज करून दहा-पंधरा दिवसांत येते, असं मी तिला सांगितलं.

लातूर

लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी यायचं. दवाखान्याच्या पायरीवर माणसांपेक्षा पाण्याचे कॅन जास्त. रुग्णाबरोबर एक नातेवाईक आणि एक भरलेला कॅन, असा तिथला अलिखित कायदा. हात धुवायलासुद्धा नर्स विचारून पाणी घालायची.

डोक्याचा फोटो काढायचा ठरला. मशीनवरचा मुलगा म्हणाला, गळ्यातलं सगळं काढा. मंगळसूत्र काढलं. चांदीच्या डबीतलं लिंग राहिलं. आमच्यात ते अंगावेगळं करत नाहीत. दीक्षा घेतल्यापासून ते माझ्या अंगावर होतं, बाळंतपणातसुद्धा. मी म्हणाले, जमणार नाही. आता हसू येतं, पण तेव्हा धर्माच्या नावावर इतका मार खाऊनही मी तिथं अडून बसले होते. तो मुलगा वैतागला, बाहेर रांग लागलेली. अप्पा पुढं आले. म्हणाले, "नंदा, पूजेला कुठं घेतो आपण? डाव्या तळहातावर. मग तिथंच धर की. गळ्यातच पाहिजे असं कुणी सांगितलं?" मी लिंग मुठीत घेतलं आणि मशीनखाली गेले. मुठीत ते गरम झालं होतं. त्या दिवशी मला त्याचा खरंच आधार वाटला. हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी एकच बाजू सांगते असं होईल.

डॉक्टर बाई तरुण होत्या, झोप न झालेल्या. फोटो दिव्यासमोर धरून म्हणाल्या, "हा ठिपका दिसतोय? जंताची अंडी पोटात गेली, त्यातला जंत मेंदूत जाऊन बसलाय. त्यानं झटके येतात. औषध आहे, बऱ्या व्हाल."

मी विचारलं, "म्हणजे भूत नाही?"

"भूत फोटोत येत नाही बाई," त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद उचलला.

मी हसायला लागले आणि मग रडायला. अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. एक ठिपका. हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याच्यासाठी मला झाडाखाली गुरासारखं बडवलं होतं.

मग डॉक्टर बाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता, कच्ची भाजी खाता का, आसपास डुकरं आहेत का. मी म्हणाले, आम्ही अंडंसुद्धा घरात आणत नाही. त्या म्हणाल्या, "हा जंत डुकरात आणि माणसात फिरतो. माणसाच्या घाणीतून त्याची अंडी पाण्यात, भाजीवर येतात. शाकाहारी माणसालाही होतो. घरात बाकीच्यांनाही सांगा, ते पाणी बंद करा."

घरात सांगा म्हणाल्या. मी सांगायला गेले.

डुक्कर हा शब्द

मला वाटलं होतं, सासरी सगळे सुटकेचा श्वास सोडतील. भूत नाही, रोग आहे, औषध आहे, आणखी काय पाहिजे? मी फोटो घेऊन ओट्यावर उभी राहून सगळं समजावलं. गौरानं तेच पाणी पिऊ नये, एवढ्यासाठी माझा जीव तुटत होता. आत्याबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "कशाचा जंत म्हनालीस?"

मी परत सांगितलं.

त्यांच्या हातातला पितळी तांब्या माझ्या कपाळावर आला. रक्त डोळ्यात उतरलं. "माझ्या घरात डुकराचं नाव? लिंगायताच्या चुलीला? काय खाऊन आलीस ग, कुणाच्या घरचं खाऊन आलीस?" मी म्हणत होते, तुमच्याच झिऱ्याचं पाणी, तुमचीच मेथी. ते तर आणखी वाईट झालं. त्यांचं सोवळं, त्यांचं देवाचं पाणी, त्यातूनच हे आलं, असं मी म्हणत होते. ते त्यांना ऐकवेना.

शिवराज दुकानातून आला. शेतकीचा पदवीधर. बोंडअळीला कोणतं औषध किती टाकायचं हे त्याला झोपेत विचारा. मी त्याच्यापुढं फोटो धरला. त्यानं तो बघितला नाही. "गावात हे बोललीस तर आम्हाला पंगतीला कोन बसू देईल?" असं म्हणाला आणि माझे केस धरून ओट्यावरून खाली ओढलं. पायरीवर गुडघा फुटला. आत्याबाई माझ्यामागे गोमूत्र शिंपडत आल्या. भूत होतं तेव्हा निदान ताट वेगळं करून जेवायला तरी देत होत्या.

गौरा खिडकीतून बघत होती. कपाळातून रक्त वाहत असताना मी तिच्याकडे बघून हसले, ती घाबरू नये म्हणून. ती घाबरली.

गोळ्या

उदगीरला अव्वा, म्हणजे माझी आई, आणि अप्पा, त्यांच्याजवळ इलाज सुरू झाला. गोळ्यांनी आधी झोप, मग सूज, मग राग. राग तर विचारू नका. पितळी तांब्या दिसला तरी मला ओरडावंसं वाटायचं.

ज्यांना हे आजारपण आहे त्यांना माझं सांगणं, गोळी एक दिवसही चुकवू नका. बरं वाटलं म्हणून बंद करू नका. मी एकदा चुकवली, उपासाच्या दिवशी, पोटात काही नको म्हणून, आणि मोंढ्यात हातगाडीवर पडले. चुलीजवळ एकटं बसू नका. न्हाणीला आतून कडी लावू नका. अव्वा माझी अंघोळ होईपर्यंत बाहेर पाटावर बसायची आणि शेजारणीच्या सुनांच्या कागाळ्या सांगत राहायची, म्हणजे मी हुंकार देत राहीन. हुंकार थांबला की ती दार ढकलायची. मी मुद्दाम गप्प बसून तिला फसवायचे, आणि ती आत येऊन मला भिजल्या अंगावरच चापट मारायची. एवढंच सुख त्या दिवसांत होतं.

अप्पांशी मात्र माझं वाजायचं. ते रोज पूजेला बसायचे, मी त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. ते म्हणायचे, "आपला धर्म ज्यांनी सांगितला त्यांनी सोवळं-ओवळं लाथाडलं होतं, नंदा. तुला मारलं ते माणसांनी, धर्मानं नाही."

मी म्हणायचे, "मारताना ते देवाचं नाव घेत होते अप्पा. माणसाचं नाव घेतलं असतं तर कुणीतरी अडवलं असतं."

ते भस्म लावून दुकानाला जायचे. संध्याकाळी येताना माझ्यासाठी पेरू आणायचे, धुऊन, पुसून, चिरून. त्यांच्यापुरता तो वाद तिथं मिटायचा. माझ्यापुरता मिटत नव्हता.

झटके थांबले. ही बातमी सासरी पोचली तेव्हा गावात झालं असं की बाबाचा गुण आला. म्हणजे मार मी खाल्ला, गोळ्या मी गिळल्या, आणि नाव झालं त्याचं. शिवराजनं निरोप पाठवला, ये, पण आधी शुद्ध करून घे आणि चारचौघांत म्हण की बाहेरचंच होतं. तोवर गौरा मिळणार नाही. मी फोन केला की आत्याबाई तो गौराच्या कानाला लावायच्या आणि लगेच काढून घ्यायच्या. ती तेवढ्यात म्हणायची, "आई, मी रडत न्हाई."

मी झोपेत दात खायला लागले. पोर अजून त्याच झिऱ्याचं पाणी पीत होती.

आत्याबाई पडल्या

उन्हाळा सरत आला तेव्हा सासरच्या शेजारणीचा, सुलोचनाचा, फोन आला. "नंदाताई, तुमच्या सासू पूजेत पडल्या. तोंडाला फेस. आज ठाण्यावर घेऊन गेलेत."

मला वाटायला हवं होतं, बरं झालं. वाटलंही, एक क्षण. मग मला माझे केस आठवले, हाताला गुंडाळलेले. अप्पांना म्हटलं, गाडी काढा.

ठाण्यावर पोचलो तेव्हा दुपार होती. आत्याबाईंना त्याच लिंबाखाली बसवलं होतं. पासष्टीच्या वरची बाई. पांढरे केस मोकळे, कपाळावरचं भस्म घामानं वाहिलेलं, लुगडं फाटलेलं. धुरी देऊन झाली होती, डोळे टोमॅटोसारखे. बाबा विचारत होता, "नाव सांग." त्या स्वतःचं नाव सांगत होत्या. आणि वेत बसत होता. शिवराजनं आईचे पाय धरले होते. स्वतःच्या आईचे. या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं हे काय आहे. मी ओट्यावर उभी राहून, रक्त सांडून सांगितलं होतं. पण दवाखान्यात नेलं असतं तर डुक्कर घरात आलं असतं. त्यापेक्षा आई मेलेली परवडली.

पुढचं मला सलग आठवत नाही. बाबाच्या मनगटाला मी चावले, वेत सुटला, तो माझ्या हातात आला. मी शिवराजला मारलं. खांद्यावर, पाठीवर, कानावर. तो पाय सोडेना म्हणून मारत राहिले. वेत तुटला तेव्हा त्याच्या तुटक्या टोकानं मारलं. लोक माझ्यावर धावले. कुणीतरी माझ्या बरगड्यांत लाथ घातली. अप्पा मध्ये पडले, त्यांचा चष्मा फुटला. पण मला पुन्हा भूत लागलंय असं वाटून गर्दी दोन पावलं मागं सरली, आणि तेवढ्यात आम्ही आत्याबाईंना गाडीत घातलं. त्या दिवशी गर्दीच्या श्रद्धेचा मला तेवढा उपयोग झाला.

शिवराजला मारल्याचा पस्तावा आहे का, असं लोक मला विचारतात. नाही.

नांदेड

नांदेड जवळ पडत होतं, तिकडे नेलं. रस्त्यात त्यांना झटक्यावर झटके आले. दोन बरगड्या मोडलेल्या, एका कानानं ऐकू येईना. फोटो निघाला. एक नाही, चांगले पाच-सहा ठिपके.

त्या सावध झाल्या तेव्हा मी एकटीच जवळ होते. मी चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विनवलं. "सूनबाई, लोकास्नी सांगू नको. म्हन, बाहेरचंच व्हतं. तुझ्यातलं माझ्यात आलं म्हन, बाबानं काढलं म्हन. गौराला घेऊन जा तू. मी अडवत न्हाई. देवाची आन."

बघा आता. एवढंच तर मला पाहिजे होतं. एक वाक्य बोलायचं आणि लेक पदरात. ठाण्यावर मार थांबावा म्हणून मी तेच तर केलं होतं. मी पेज भरवत राहिले. मी हो म्हणणार होते. खरं सांगते, हो म्हणणारच होते.

संध्याकाळी गावाहून माणसं भेटायला आली. चुलत सासरे, सुलोचना, आणि गल्लीतली एक म्हातारी. विचारलं, काय निघालं? आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं, तर ती म्हातारी मध्येच म्हणाली, "मी कामून आले, तर माझ्या नातीला बी असंच होऊन राहिलंय बाई. बारा वर्साची हाय. तुमच्या सासूला गुन आला असंल तर अमुशाला तिला बी नेते ठान्यावर."

मी म्हणाले, "मावशी, नातीला घेऊन उद्या इथं या. माझ्या सासूच्या डोक्यात जंत आहे. माझ्याही डोक्यात तोच होता. डुकरात आणि माणसात फिरणारा, माणसाच्या घाणीतला. झिऱ्याच्या पाण्यातून आला आणि मेथीतून आला. टँकरचं पाणी प्या. भाजी शिजवून खा. आणि त्या पोरीला कुणी वेत लावला तर मी पोलीस घेऊन येईन."

चुलत सासरे चप्पल घालून निघून गेले. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "पोर विसर आता," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत, नर्सच्या हातचं जेवल्या. मी न्हाणीघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. एका अनोळखी पोरीसाठी मी माझी पोर गमावली होती, आणि कुणी त्याबद्दल बरं केलंस म्हणायला नव्हतं.

म्हातारी दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आली. तिच्यामागून शिवराज आला. कानाला पट्टी, कडेवर गौरा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हिला बी दाखवून घे. रात्री पाय झाडत व्हती झोपेत."

गौरा माझ्या गळ्यात पडली नाही. आधी माझ्या कपाळावरच्या खुणेवर बोट ठेवून बघितलं. डॉक्टरांनी तिला तपासलं, जंताचं औषध दिलं, पोरं झोपेत पाय झाडतात, काळजी नको म्हणाले. शिवराज मटकन बाकावर बसला आणि ढसाढसा रडला. मला वाईट वाटलं. तो वाईट माणूस नाही हो, तेच तर सगळ्यात अवघड आहे. वाईट असता तर मी कधीच सुटले असते.

डोळे पुसून म्हणाला, "चल घरी. टँकरचंच पानी भरू. आईला मी सांगतो. माझं चुकलं, नंदे."

मी म्हणाले, "एक विचारते. उद्या हिला झटका आला तर कुठं नेणार?"

"दवाखान्यात. आता कळलं ना."

मी वाट बघितली. त्यानं आईच्या खाटेकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "अन् बाबाकडं बी दाखवून घेऊ. मारू न्हाई देनार. नुसतं दाखवायचं. दोनीकडं दाखवलं तर काय बिघडतंय?"

"आधी कुठं?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. दवाखाना म्हणायला एक शब्द लागतो. मी गौराला कडेवर घेऊन दाराकडे निघाले तरी तो विचारच करत होता.